खडूचा टाका

अनुसूयाक्का ऑटोतून खुर्ची घेऊन आल्या तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. खुर्ची मागच्या सीटवर आडवी घातलेली आणि अक्का तिच्या पायांच्या मधल्या जागेत अंग चोरून बसलेल्या. ऑटो पुरती थांबायच्या आधीच त्या म्हणाल्या, "परसूअण्णा, मोडली."

मी खुर्ची उतरवून घेतली. पाठीच्या डाव्या पाईपला वळणावर चीर गेली होती. अर्ध्याहून जास्त पाईप सुटला होता.

"पेज भरवत होते," अक्का म्हणाल्या. "कट्ट करून आवाज आला आणि हर्ष कलंडला. शेजारची सुलभा होती म्हणून, नाही तर खालीच आला असता."

"लागलं का त्याला?"

"लागलं नाही. घाबरला स्वल्प. आता सुलभा बसलीय त्याच्याजवळ. अकराला तिला ऑफिसला निघायचंय, इलेक्ट्रॉनिक सिटीला. मला थांबता यायचं नाही अण्णा. किती वेळ लागेल?"

श्रीहर्ष हा अक्कांचा एकुलता एक मुलगा. वय सव्वीस. जन्मापासून त्याचं अंग त्याच्या ऐकण्यात नाही. पाठीचा कणा डावीकडे वाकलेला, मान ठरत नाही, बोलता येत नाही. त्याला आडवं ठेवून भरवलं की घास श्वासनळीत जातो. असं दोनदा झालं आणि दोन्ही वेळा न्यूमोनिया झाला. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी अक्कांना बाजूला घेऊन सांगितलं, तिसऱ्यांदा झालं तर आमच्या हातात काही राहणार नाही. साध्या खुर्चीत तो बसत नाही, घसरतो किंवा मुडपतो. तो नीट बसायचा तो फक्त या एका खुर्चीत.

ती खुर्ची अक्कांच्या यजमानांनी, भीमाचार्यांनी, माझ्या वेल्डिंगच्या शेडमधे बसून करून घेतली होती. ते सरकारी कचेरीत कारकून. हातात कधी पाना धरला नसेल. पण दोन वर्षं दर रविवारी आले. येताना मुलाच्या पाठीवर दाबून वाकवलेली तार आणायचे. मी पाईप तापवून त्या तारेबरोबर वळवायचो. ते खुर्ची घरी न्यायचे आणि पुढच्या रविवारी परत आणायचे. "डाव्या बाजूला अंगठाभर आत घ्या परसूअण्णा." कधी, "मानेपाशी बोटभर पुढं." मी एकदा विचारलं, त्याला तर सांगता येत नाही, मग तुम्हाला कसं कळतं? ते म्हणाले, "पायाची बोटं बघतो. बरं वाटत असलं की बोटं सुटी होतात. नसलं की आत वळवून घेतो." असं करत करत खुर्ची झाली. भीमाचार्य जाऊन आता तीन वर्षं झाली.

"संध्याकाळी सहाला या," मी म्हणालो.

"नक्की ना? दुपारी मी चमच्याने दूध पाजेन कसंतरी, थेंब थेंब. पण रात्रीचं जेवण झाल्याशिवाय त्याला फिटची गोळी देता येत नाही. पोट रिकामं असलं की उलटून टाकतो."

"सहाला या अक्का."

"सरी, बरं," म्हणून त्या त्याच ऑटोत बसून गेल्या.

मी चिरेवरचा रंग पॉलिश पेपरने घासून काढला. पाईप अठरा गेजचा, म्हणजे मुळातच एक मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त. त्यात इतक्या वर्षांचा घाम, सांडलेली पेज आणि पुसण्याचं पाणी आत मुरलेलं. चिरेची कड नखाने दाबली तर दबत होती. अशा पाईपला आमचा नेहमीचा बारा नंबरचा रॉड लावला की भोक पडलंच. नवा माणूस काय करतो, करंट कमी करतो. मग रॉड चिकटतो. चिकटला म्हणून करंट वाढवतो, मग भोक पडतं. भोक पडलं म्हणून ते भरायला जातो आणि भोक आणखी मोठं होतं. वाटाण्याएवढं असतं ते लिंबाएवढं होईपर्यंत तो भरतच असतो.

पातळ पत्र्याला रेघ ओढून वेल्डिंग करायचंच नाही. चौदा नंबरचा बारीक रॉड घ्यायचा. आतून एक लहान पाईपचा तुकडा बसवायचा, म्हणजे उष्णता त्याच्यात जाते. रॉड आधी एका भंगार तुकड्यावर पेटवून तापवून घ्यायचा, मग जागेवर एकच टाका घालायचा आणि लगेच उचलायचा. लाल रंग जाईपर्यंत थांबायचं. दुसरा टाका त्याच्या शेजारी घालायचा नाही, समोरच्या बाजूला घालायचा. पुन्हा थांबायचं. करंट धरता येतो, हात धरता येतो, थांबणं बहुतेकांना जमत नाही. मी चाळीस वर्षं हेच करत आलो आहे आणि माझ्याकडे लोक यासाठीच येतात.

चौदा नंबरचे रॉड शेडमधे नव्हते. आमच्या सर्जापूर रोडच्या दुकानांत बारा आणि दहाच मिळतात. चिकपेटला जाणं भाग होतं.

निघण्यापूर्वी मी खडू घेतला. चिरेच्या चारी बाजूंना बाण काढले आणि खाली पाईपवर ठळक लिहिलं, टाका. नुसते बाण पुरले असते. मलाच टाके घालायचे होते आणि मला विसर पडणार नव्हता. पण मला अक्षरं सुनेने साठीनंतर शिकवली आणि तेव्हापासून हातात खडू आला की मी लिहितोच. आधी शेडमधे भंगारात द्यायच्या मालावर मी फुली मारत असे. अक्षरं आल्यावर मी महानंदाला सांगितलं, आता फुल्याबिल्या बंद, जे द्यायचं त्याच्यावर लिहून ठेवीन, वाचायचं आणि द्यायचं.

महानंदा निपाणीकडची. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, नवऱ्याबरोबर इकडे आली. शेड झाडणं, माल पुसणं, रंगाचा हात देणं, आणि दर गुरुवारी गुजरीवाल्याचा, म्हणजे इथल्या भंगारवाल्याचा, टेम्पो आला की भंगार भरून देणं हे तिचं काम. तो गुरुवार होता. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

चिकपेटला तिसऱ्या दुकानात पुडा मिळाला. येताना बस एका जागी पाऊण तास उभी राहिली. शेडवर पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते.

खुर्चीची जागा रिकामी होती.

"महानंदा, खुर्ची कुठं ठेवली?"

ती ग्रिल पुसत होती. "कुठली खुर्ची?"

"सकाळची. अक्कांची."

"ती दिली की टेम्पोत."

"कुणी सांगितलं द्यायला?"

"तुमीच लिवलावता की वो मामा, टाका म्हून." ती हसत होती. "मी म्हनलं, आज मामा लईच मान द्यायलेत. रोज टाक म्हून लिवत्यात, आज टाका. म्हातारपनी सुधारले म्हनलं."

मी खाली बसलो. ती पुढे आली. "काय झालं? पानी देऊ?"

"टाका म्हणजे टाका घालायचा. वेल्डिंगचा."

तिचं हसू गेलं. तिने हातातलं फडकं बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "मामा, म्या काय जानू? फेकून टाका, असंच वाटलं मला. मोडलेलीच हुती की."

तिचं काही चुकलं नव्हतं. टाक, टाकून दे, टाकणे, असं सगळं मी भंगारावर लिहीत आलो होतो. त्या रांगेत टाका वाचून दुसरं काय समजणार?

गुजरी दोन गल्ल्या पलीकडे आहे. मी धावलो म्हणायला हरकत नाही, पण माझ्या वयाला धावणं म्हणजे काय ते बघणाऱ्याला कळतं. नागराज दारातच वजनकाट्यापाशी उभा होता. हा गुजरीचा मालक, माझ्याशी कन्नडात बोलतो.

"काय अण्णा, घाम का? भंगार परत न्यायला आलात की काय?" त्याने थट्टा केली.

"नागराज, एक खुर्ची आली असेल. निळी. पाठ वाकडी."

"वाकडीच होती. पोरं म्हणाली, असली खुर्ची कुठल्या माणसाची? हसत होती." त्याने माझ्या तोंडाकडे बघून हसणं थांबवलं. "अण्णा, लॉरी चारला भरायची असते. लांब माल आम्ही आल्या आल्या कापतो."

मागच्या अंगणात कापायच्या मशीनखाली निळे तुकडे पडले होते. मी ते वेचले. पाईपचे अकरा तुकडे मिळाले. बसायचा पत्रा घणाने सपाट केला होता. तुकडे हाताच्या लांबीचे, सगळे सारखे कापलेले. कापणाऱ्याने वळण कुठं आहे, सरळ कुठं आहे हे बघितलं नव्हतं, त्याने लॉरी बघितली होती. नागराजने ते स्वतः पोत्यात भरून दिले. "आधी फोन केला असता तर," तो म्हणाला. मग पुन्हा एकदा तेच म्हणाला.

अक्कांना फोन करायला पाहिजे होता. मी पोतं घेऊन शेडवर आलो, तुकडे जमिनीवर खुर्चीच्या आकारात मांडले आणि फोन न करता तसाच बसलो. प्रत्येक कापाने तीन मिलिमीटर पाईप खाल्ला होता. कोणता तुकडा कुठला हे मला ओळखू येत होतं. तो दुसऱ्याला किती अंशात भेटत होता हे मला माहीत नव्हतं. ते फक्त भीमाचार्यांना माहीत होतं.

सहाला अक्का आल्या, हर्षला झोपवून. हातात खुर्चीवर घालायचा टॉवेल होता, धुऊन घडी केलेला. जमिनीवरचे तुकडे त्यांनी बघितले आणि मला वाटतं त्यांना आधी कळलंच नाही की हेच ते.

मी सगळं सांगितलं. महानंदाचं नाव न घेता सांगायचं ठरवलं होतं, पण ती स्वतःच पुढे येऊन म्हणाली, "मी दिली अक्का. मामांनी लिवलावतं टाका, मी टाकली."

अक्कांनी वाकून एक तुकडा उचलला. त्यावर 'टा' राहिला होता. 'का' दुसऱ्या तुकड्यावर गेला होता. त्या तो तुकडा हातात फिरवत राहिल्या.

"टाका म्हणजे शिवणाचा ना?" त्या म्हणाल्या. "आमच्या घरात तर तेच म्हणतात."

"हो अक्का. तोच."

"मग बरोबरच लिहिलंय तुम्ही."

त्या रागावल्या असत्या तर मला काही तरी बोलता आलं असतं. त्यांनी तुकडा जागेवर परत ठेवला, अगदी जिथून उचलला तिथेच. "हे जुळेल का अण्णा?"

"जुळवतो."

"किती दिवस?"

"शनिवारी आणून देतो."

"सुलभाला सांगते मग. दोन दिवस ती धरेल. पण तिला रात्रीचंच जमतं, ऑफिसातून आल्यावर." टॉवेल त्यांनी पिशवीत घातला आणि त्या चालत गेल्या. ऑटो केली नाही.

शुक्रवारी सकाळी मी सुरुवात केली. दुसरं काम घेतलं नाही. प्रत्येक जोडात आतून पाईपचा तुकडा ठोकला. मशीनचा करंट पंचेचाळीसला आणला. पहिला टाका बसला. थांबलो. समोरचा टाका बसला. थांबलो. चार जोड तसे झाले आणि मला वाटलं, होईल. पाचवा जोड मानेखालचा. तिथे सगळ्यात जास्त पेज सांडत आली होती. रॉड टेकवला आणि समोरचा पाईप दिसेनासा झाला. स्फोट नाही, आवाज नाही. लोखंड आहे असं वाटत होतं तिथे नुसता गंज आणि त्यावर रंग होता. भोकाच्या कडेला टाका घालायला गेलो, कडही गेली. दीड बोट मागे सरलो, तिथेही तेच. मी महानंदाला म्हणालो, रॉड काढून ठेव माझ्या हातातला. नवा माणूस करतो तेच मी करत होतो. भोक भरत होतो.

तो भाग कापून टाकावा लागला. त्या जागी नवा पाईप घातला. अंदाजाने वळवला. अंदाज माझा होता.

शनिवारी दुपारी खुर्ची उभी राहिली. चारी पाय टेकत होते. मी स्वतः तिच्यात बसून बघितलं, माझ्या वजनाला ती कुरकुरली नाही. महानंदाने निळा रंग दिला. "आधीपेक्षा झ्याक दिसत्या," ती म्हणाली आणि माझं तोंड बघून पुढे काही बोलली नाही.

संध्याकाळी मी खुर्ची घेऊन गेलो. अक्कांचं घर दोन खोल्यांचं. श्रीहर्ष गादीवर कुशीवर होता, पाठीमागे उश्या लावलेल्या. मला त्याने ओळखलं, आवाज केला. दोन दिवसांत चेहरा बारीक झाला होता. अक्कांनी सांगितलं, काल दुपारी खोकला फार आला, रात्री अंग कोमट होतं, आज उतरलंय.

आम्ही दोघांनी त्याला उचलून खुर्चीत बसवलं. अक्कांनी पट्टा लावला. मी खाली बसलो आणि त्याच्या पायांकडे बघत राहिलो. बोटं आत वळली. तळवा मुठीसारखा झाला. मी उठून मानेमागे उशी दिली. बोटं तशीच. कमरेला घडी घातलेली चादर लावली. तशीच.

"एक घास देऊन बघू?" अक्का म्हणाल्या.

मऊ भाताचा चमचा त्यांनी त्याच्या ओठाला लावला. त्याने घेतला. मान पुढे गेली, मग एका बाजूला पडली, आणि तो खोकायला लागला. खोकला थांबेना. भात नाकातून आला. ओठांचा रंग गेला. अक्कांनी पट्टा ओढून सोडला, त्याला पुढे वाकवला आणि पाठीवर थापा मारल्या. मी काय करावं हे मला कळत नव्हतं. मी खुर्ची धरून उभा होतो, जणू ती पळून जाणार होती.

श्वास लागला. तो रडला. अक्कांनी त्याचं तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नको अण्णा. काढा ही."

मी खुर्ची दाराबाहेर ठेवली.

"नवी करता येईल," मी आत येऊन म्हणालो. "पाईप नवा घेऊ. त्यांची ती तार आहे का घरात?"

"ती त्यांनीच पावट्याच्या वेलाला बांधून टाकली कधीच. म्हणाले, आता काय करायची?" त्या जरा हसल्या. "आणि असती तरी कामाची नव्हती. तारेनंतर खुर्ची किती वेळा बदलली ते तुम्हालाच ठाऊक."

"हॉस्पिटलात मापाने करून देतात म्हणे."

"नाव घातलंय सकाळीच फोन करून. चार महिने म्हणाले. पाच पण होतील."

मी मनात रविवार मोजत होतो. भीमाचार्यांना दोन वर्षं लागली होती. मला बोटं बघायची ती सवय नाही, आणि माझं वय एकाहत्तर.

भाताची वाटी तशीच होती. सुलभा शनिवारी माहेरी गेली होती. अक्कांनी वाटीकडे बघितलं, मग गोळीच्या पाकिटाकडे, मग भिंतीकडे. भिंतीला टेकून बसवून त्यांनी काल प्रयत्न केला होता, तो घसरला होता. एका हाताने धरून दुसऱ्या हाताने भरवणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. तो आता त्यांच्याहून उंच होता.

"मी धरतो," मी म्हणालो.

"तुम्हाला जमेल?"

"बघू."

मी चपला काढल्या, हात धुतले, भिंतीला पाठ लावून गादीवर बसलो आणि पाय पसरले. अक्कांनी त्याला ओढून माझ्या पुढ्यात आणला. त्याची पाठ माझ्या छातीला लागली. मी दोन्ही हात त्याच्या काखेतून पुढे घेतले आणि त्याचं डोकं माझ्या खांद्याच्या खळीत आलं. तो वजनाने हलका आहे, पण सैल अंगाचं वजन जास्त लागतं. पहिल्यांदा तो घसरला. मी गुडघे वर घेतले. मग राहिला.

आणि मला त्याचा कणा लागला. डाव्या बाजूला कुठे आत जातो, कुठून परत येतो, मानेखाली कुठे उंचवटा आहे, सगळं माझ्या छातीच्या फासळ्यांना लागत होतं. नवा पाईप मी जिथे वळवला होता त्याच्या तीन बोटं वर ते वळण होतं. हे मला आता समजत होतं. पण माझे दोन्ही हात गुंतलेले, तार धरायला हात नाही, आणि तो अंगावरून उठला की हे वळण माझ्याजवळ राहणार नव्हतं. मी अंग जरासं हलवून बघितलं, त्याला बरं वाटेल असं. त्याची बोटं मला तिथून दिसत नव्हती.

"देऊ?" अक्कांनी विचारलं.

"द्या."

त्यांनी चमचा दिला. तो चावत राहिला, बराच वेळ. अक्का पुढचा चमचा भरून तयार. त्याची मान माझ्या खांद्यावर ताठ झाली, सैल झाली, परत ताठ झाली. गिळलं असेल असं तोंडाकडे बघून वाटत होतं, कारण तोंड रिकामं होतं. पण माझ्या छातीशी त्याच्या पाठीत अजून काही खाली उतरलं नव्हतं.

अक्कांनी चमचा पुढे आणला.

"थांबा," मी म्हणालो. "अजून गेला नाही."